ठिगळाचा इतिहास

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच हायस्कूलमध्ये इतिहासाचा शिक्षक म्हणून लागलो होतो. तालुक्यातील सात-आठ शाळांनी मिळून दहावीची पूर्वपरीक्षा एकत्र घ्यायचे ठरवले आणि इतिहासाची प्रश्नपत्रिका काढण्याचे काम माझ्याकडे आले. एम. ए. होऊन आलेला तरुण शिक्षक, उत्साह दांडगा. प्रश्नपत्रिका लिहिली, छापखान्यात दिली, मुद्रिते तपासली. छपाई झाली त्या रात्री जेवताना एकदम लक्षात आले की, आपण 'इ. स. १८१७ मध्ये पेशवाईचा शेवट का झाला?' असा प्रश्न घातला आहे. पेशवाई बुडाली १८१८ साली. शाळेतल्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट, आणि इतिहासाच्या शिक्षकाच्या हातून अशी चूक व्हावी! हातातला घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शुद्धिपत्र तयार करून सायक्लोस्टाइल केले आणि सर्व शाळांना पाठवले. मजकूर एवढाच : 'पान २, ओळ ९ : १८१७ ऐवजी १८१८ वाचावे.' काम झाले, अशी माझी समजूत.

पण दरम्यान छापखान्यात काय घडले ते मला माहीत नव्हते. प्रती कमी पडल्या म्हणून त्यांनी आणखी शंभर-दीडशे काढायच्या ठरवल्या. जुळवलेला फर्मा तोवर सुटला होता, म्हणून पान पुन्हा जुळवले. त्या वेळी दोन ओळींची एक सूचना कंपोझिटरने एका ओळीत बसवली, आणि खालचा सारा मजकूर एक ओळ वर सरकला. आता नवव्या ओळीवर आला तो पुढचा प्रश्न : '१८१७ च्या खडकीच्या लढाईचे परिणाम लिहा.' हे साल अगदी बरोबर होते. या दुसऱ्या छपाईच्या प्रती ज्या शाळांत गेल्या, तिथल्या पर्यवेक्षकांनी माझे शुद्धिपत्र इमानेइतबारे वाचले, नवव्या ओळीत १८१७ आहे हे पाहिले आणि मुलांना ते खोडून १८१८ करायला लावले. म्हणजे चुकीचे होते ते तसेच राहिले आणि बरोबर होते ते चुकले!

ही हकिकत मी पुढे वर्गात अनेकदा सांगितली. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत एक जुना विद्यार्थी घरी भेटायला आला. पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे. फराळ चालला असताना पुन्हा तीच गोष्ट निघाली. तो हसला आणि म्हणाला, "सर, तुमचं शुद्धिपत्र म्हणजे आमच्या भाषेत पॅच. तो चुकीच्या जागी लागला, एवढंच. आता आमची कमांड असा पॅच लावून घेत नाही. सरळ नाही म्हणते."

"नाही म्हणते म्हणजे?" मी विचारले.

त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि काळ्या पडद्यावर दोन-चार ओळी टाइप करून मला 'गिट अप्लाय' नावाची आज्ञा दाखवली. मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. पण मी इतिहासाचा माणूस. एखादी रीत दिसली की ती कोणी पाडली, कधी पाडली आणि त्याआधी लोक काय करत होते, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. त्या चौकशीतून हाती आले ते येथे मांडतो.

*

पॅच म्हणजे ठिगळ. संगणकाच्या जगात हा शब्द आरंभी अगदी वाच्यार्थाने वापरला जात होता. १९४४ साली हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क वन' हे अवाढव्य गणनयंत्र सुरू झाले. हॉवर्ड आयकेन यांची ही कल्पना, बांधणी आयबीएम कंपनीची. या यंत्राला द्यायच्या आज्ञा कागदाच्या लांबलचक पट्टीवर भोके पाडून दिल्या जात. एका आडव्या रांगेत चोवीस भोकांची जागा असे. भोक चुकून पडले तर काय करायचे? त्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचा. अशी ठिगळे लावलेली मार्क वनची एक पट्टी अमेरिकेत जपून ठेवलेली आहे आणि तिचे छायाचित्र पाहायला मिळते. आपल्या आजीच्या गोधडीची आठवण यावी, अशी ती दिसते.

पुढे यंत्रे विकली जाऊ लागली, तेव्हा कंपन्या दुरुस्त्याही अशाच पाठवू लागल्या. पट्टीचा नवा तुकडा टपालाने यायचा. जुन्या पट्टीतला सांगितलेला भाग कात्रीने कापून काढायचा आणि तिथे नवा तुकडा जोडायचा. दुरुस्ती होऊन जाई. पण पूर्वी तिथे काय होते, ते का बदलले, कोणी बदलले, याची पट्टीवर काही खूण राहत नसे. कापलेला तुकडा टोपलीत गेला की संपले.

त्यानंतरची ऐंशी वर्षे ही एका अर्थाने शुद्धिपत्र नीट लिहायला शिकण्याची वर्षे आहेत. काय होते, काय हवे, नेमके कुठे आणि कोणी सांगितले, या चार गोष्टी एकामागून एक त्यात आल्या. त्या एकदम आल्या नाहीत. प्रत्येकीसाठी कोणाला तरी आधी ठेच लागावी लागली.

*

पहिल्या दोन गोष्टी आल्या अमेरिकेतील न्यूजर्सी राज्यातल्या बेल प्रयोगशाळेत. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी जिथे 'युनिक्स' ही प्रणाली घडवली, तीच ही प्रयोगशाळा. तिथे डग्लस मॅकिलरॉय यांनी 'डिफ' नावाचा प्रोग्रॅम तयार केला. १९७४ साली युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर तो बाहेर पडला आणि १९७६ साली मॅकिलरॉय आणि जेम्स हंट या दोघांनी त्यामागची रीत एका अहवालात मांडली.

ती रीत अशी. समजा, गेल्या वर्षीचा आणि यंदाचा असे दोन हजेरीपट आपल्यापुढे आहेत. दोन्हींत असलेली आणि त्याच क्रमाने आलेली नावे शोधायची, आणि अशी जास्तीत जास्त लांब यादी काढायची. ती यादी म्हणजे न बदललेला भाग. जुन्या पटात उरलेली नावे गेलेली, नव्या पटात उरलेली नावे आलेली. ऐकायला सोपे वाटते, पण हजारो ओळींच्या मजकुरात अशी सर्वांत लांब समान यादी झटपट काढणे सोपे नाही. हंट-मॅकिलरॉय यांचे नाव झाले ते त्यासाठी.

हे काम माणसांनी हाताने केल्याचे थोर उदाहरण आपल्याकडेच आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला हात घातला आणि ते काम १९६६ साली पुरे झाले. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते त्यासाठी जमवली होती. आखलेल्या चौकोनी घरांच्या कागदावर वरच्या ओळीत श्लोकाचे एकेक अक्षर मांडायचे आणि खाली प्रत्येक पोथीत जिथे फरक असेल तेवढाच त्या त्या घरात लिहायचा, अशी डॉ. सुखटणकरांच्या काळातली पद्धत होती. समान ते एकदाच, भिन्न तेवढे वेगळे. डिफचे तत्त्व याहून निराळे नाही.

डिफमुळे दोन मजकुरांतला फरक यंत्र स्वतः लिहून देऊ लागले. त्यात ओळीचा क्रमांक असे, जुनी ओळ असे, नवी ओळ असे. युनिक्समध्ये 'ईडी' नावाचा एक जुना संपादक-प्रोग्रॅम होता. त्याला थेट देता येईल अशा आज्ञांच्या रूपातही डिफ हा फरक लिहून देई : अमुक ओळ काढ, तमुक ओळीनंतर हे घाल. या आज्ञा शेवटच्या ओळीपासून वर वर येत लिहिलेल्या असत. कारण उघड आहे. वरची ओळ आधी काढली तर खालच्या सगळ्या ओळींचे क्रमांक बदलतात! माझ्या छापखान्यात जे घडले त्याचा विचार बेल प्रयोगशाळेतल्या मंडळींनी वीस वर्षे आधी केला होता.

पण तो अर्धाच. सारी भिस्त ओळीच्या क्रमांकावर होती. ज्याला दुरुस्ती पाठवली त्याच्याकडे तंतोतंत तीच प्रत असेल तरच ती लागू पडे. त्याने आपल्या सोयीसाठी वर एखादी ओळ वाढवली असेल, तर दुरुस्ती भलत्याच ठिकाणी जाई आणि यंत्र चकार शब्द काढत नसे. आमच्या पर्यवेक्षकांनी निदान १८१७ हा आकडा तरी पाहिला होता. ईडीच्या आज्ञा तेवढेही पाहत नव्हत्या.

*

तिसरी गोष्ट, म्हणजे 'नेमके कुठे', सोडवली ती लॅरी वॉल या अमेरिकन गृहस्थाने. पुढे १९८७ साली 'पर्ल' ही संगणकाची भाषा निर्माण करून तो प्रसिद्ध झाला, पण त्याच्या आयुष्यातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. हा माणूस भाषाशास्त्र शिकलेला. तो आणि त्याची पत्नी बर्कलेला भाषाशास्त्राचा अभ्यास करत होते, तेव्हा त्यांचा बेत होता तो लिपी नसलेली एखादी भाषा शोधायची, तिला लिपी द्यायची आणि त्या भाषेत बायबल व इतर ग्रंथ आणायचे. प्रकृतीच्या कारणाने तो बेत राहून गेला आणि वॉल संगणकाकडे वळला.

मे १९८५ मध्ये त्याने 'पॅच' नावाचा प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला केला. एखाद्या शब्दाचा अर्थ आजूबाजूच्या शब्दांवरून ठरतो, हे भाषेच्या अभ्यासकाला वेगळे सांगावे लागत नाही. बदलाची जागा सुद्धा आजूबाजूच्या ओळींवरून ओळखावी, हे वॉलच्या प्रोग्रॅमचे मर्म. बदललेल्या ओळीच्या वरच्या आणि खालच्या न बदललेल्या काही ओळीही दुरुस्तीत लिहायच्या, ही सोय डिफमध्ये त्याआधी चार-पाच वर्षे आलेली होती. वॉलच्या पॅचने तिचा पुरेपूर उपयोग केला. ओळीचा क्रमांक त्याच्या लेखी केवळ अंदाज. त्या जागी सांगितलेला मजकूर नसेल तर तो थोडा वर पाहतो, थोडा खाली पाहतो, आणि शेजारच्या ओळी जुळल्या की तिथे बदल करतो. अगदी कडेच्या एक-दोन ओळी जुळल्या नाहीत तरी चालवून घेतो, मात्र तसे केल्याचे सांगतो. मुळीच जुळेना, तर तो तुकडा बाजूला एका 'नाकारलेल्या' फाइलीत लिहून ठेवतो.

१९९० साली वेन डेव्हिसन याने या दुरुस्त्या लिहिण्याची आणखी आटोपशीर रीत काढली आणि आज जगभर तीच वापरली जाते. तिच्यात वजा-चिन्हाची ओळ जुनी, अधिक-चिन्हाची ओळ नवी आणि चिन्ह नसलेली ओळ जशीच्या तशी. माझे शुद्धिपत्र त्या रीतीने लिहिले असते तर असे झाले असते :

   प्र. ३. कोणत्याही दोन प्रश्नांची उत्तरे लिहा.
 − (अ) इ. स. १८१७ मध्ये पेशवाईचा शेवट का झाला?
 + (अ) इ. स. १८१८ मध्ये पेशवाईचा शेवट का झाला?
   (आ) १८१७ च्या खडकीच्या लढाईचे परिणाम लिहा.

एरवी वर-खाली तीन-तीन ओळी देतात, मी येथे एकेकच दिली आहे. पण एवढ्यानेही पान कितीही वेळा जुळवले असते, ओळी कितीही सरकल्या असत्या, तरी कोणाही पर्यवेक्षकाचा हात खडकीच्या लढाईकडे गेला नसता. दोन ओळींची काटकसर केली आणि घोळ झाला.

पॅचने आणखी एक गोष्ट केली. त्या काळी संगणक एकमेकांशी बोलत ते टेलिफोनच्या तारेवरून, आणि वेळेचे पैसे पडत. सगळा प्रोग्रॅम पुन्हा पाठवण्याऐवजी दहा-वीस ओळींची दुरुस्ती पाठवली तर काम भागू लागले. ज्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नाही, अशी माणसे एकाच मजकुरावर मिळून काम करू लागली.

*

याचा मोठा आविष्कार दिसला तो फिनलंडमध्ये. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. तीच पुढे 'लिनक्स' झाली. मार्च १९९४ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यात सुमारे पावणेदोन लाख ओळी होत्या. जगभरातून लोक दुरुस्त्या पाठवत होते आणि टोरवाल्ड्स त्या वाचून, पसंत पडल्या तर पॅच चालवून आपल्या प्रतीत घालत होता. १९९१ ते २००२ अशी अकरा वर्षे हा गाडा पत्रे आणि पॅच यांवरच चालला. दुरुस्त्यांची वंशावळ ठेवणारे प्रोग्रॅम त्या काळी होते. बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकिंडने १९७२ सालीच तसा एक केला होता. पण त्या जातीचे, त्या वेळी प्रचारात असलेले प्रोग्रॅम टोरवाल्ड्सला पसंत नव्हते.

मग व्हायचे तेच झाले. पत्रे वाढली आणि माणूस एकटा. कित्येक दुरुस्त्या वाचल्याच जात नसत. नाकारली की हरवली, हे पाठवणाऱ्याला कळत नसे. तो पुन्हा पाठवी, पुन्हा वाट पाही. १९९८ साली यावरून मोठा वाद झाला. लॅरी मॅकव्हॉय नावाच्या जाणकाराने स्पष्टच म्हटले की, काम वाढले तसा लिनस वाढू शकत नाही. जानेवारी २००२ मध्ये पुन्हा तीच तक्रार उठली आणि दुरुस्त्या गोळा करून ठेवायला एक स्वतंत्र माणूस नेमावा, अशी सूचना पुढे आली. ज्यांना तालुक्याच्या कचेरीत अर्ज देऊन पोच न मिळाल्याचा अनुभव आहे, त्यांना या मंडळींचे दुःख समजावून सांगायला नको.

२००२ साली टोरवाल्ड्सने मॅकव्हॉयच्याच कंपनीचा 'बिटकीपर' हा प्रोग्रॅम वापरायला घेतला. लिनक्सच्या लोकांना तो फुकट होता, पण अटी होत्या. २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल याने बिटकीपरची आतली बोलणी समजून घेण्याचा उद्योग केला. कंपनीला तो अटींचा भंग वाटला आणि तिने फुकटची सोय काढून घेतली. ट्रिजेलने पुढे एका सभेत दाखवले की, आपण त्या यंत्राशी जोडणी करून 'हेल्प' एवढाच शब्द लिहिला आणि यंत्रानेच आपल्या आज्ञांची यादी समोर ठेवली.

आता टोरवाल्ड्सने लिनक्सचे काम बाजूला ठेवले आणि ३ एप्रिल २००५ रोजी स्वतःचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. ७ एप्रिलला त्या प्रोग्रॅममधले बदल त्याच प्रोग्रॅममध्ये नोंदवले जाऊ लागले. नाव ठेवले 'गिट'. इंग्रजांच्या बोलीत हा शब्द शिवीवजा आहे, आणि आपण सगळ्या गोष्टींना स्वतःचेच नाव देतो, असे तो थट्टेने म्हणाला. त्याला हवा होता तो वेग. त्याचे सहकारी एका वेळी शेकडो दुरुस्त्यांची चळत पाठवत आणि एकेक लावायला वेळ लागला तर दिवस त्यातच जाई. २९ एप्रिलला मोजून पाहिले तेव्हा गिट सेकंदाला सहाहून अधिक दुरुस्त्या नोंदवत होते. जूनमध्ये लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती गिटच्या आधाराने निघाली आणि २६ जुलैला टोरवाल्ड्सने गिटची देखभाल जुनियो हमानो याच्या हाती सोपवली.

*

माझ्या विद्यार्थ्याने दाखवलेली 'गिट अप्लाय' ही आज्ञा वॉलच्या पॅचची वारसदार, पण स्वभावाने कडक. ओळी वर-खाली सरकलेल्या असतील तर ती जागा शोधून काढते. पण शेजारच्या ओळी जुळल्याच पाहिजेत, यात ती सहसा सूट देत नाही. दुसरे असे की, दहा तुकड्यांच्या दुरुस्तीतला एक जरी बसला नाही, तर ती बाकीचे नऊही लावत नाही. वॉलचा पॅच बसतील ते लावी आणि उरलेले बाजूला ठेवी. तसे हवे असेल तर गिटला मुद्दाम सांगावे लागते. "अर्धी दुरुस्ती पूर्ण चुकीपेक्षा वाईट, सर," असे विद्यार्थी म्हणाला. माझ्या तीन शाळा डोळ्यांपुढे आल्या आणि मला ते पटले.

तिला 'चेक' असा शब्द जोडला तर ती काहीच बदलत नाही, फक्त लागेल की नाही ते सांगते. उणे चिन्ह आणि मोठा 'आर' जोडला तर लागलेली दुरुस्ती उलटी फिरवून काढून टाकते. 'थ्रीवे' म्हटले तर दुरुस्ती ज्या मूळ प्रतीवर लिहिली होती ती आपल्या संग्रहात आहे का ते पाहते, आणि मूळ प्रत, आपली प्रत व दुरुस्ती या तिघांचा मेळ घालते. जिथे मेळ बसत नाही तिथे दोन्ही पाठ खुणा करून मजकुरात ठेवते : निवाडा तुम्ही करा.

पण अप्लायने बदल फक्त होतो, त्याची नोंद होत नाही. नोंदीसाठी दुसरी आज्ञा आहे, 'गिट ए-एम'. ए-एम म्हणजे टपालपेटी लागू कर. आलेली पत्रे ती एकेक करून उघडते, दुरुस्ती लावते आणि त्याबरोबर पाठवणाऱ्याचे नाव, तारीख व त्याने दिलेले कारण कायमचे नोंदवते. मधेच एखादी अडली तर थांबते. मग हाताने नीट करून पुढे जायचे, ती सोडून पुढे जायचे, की सगळे मागे घ्यायचे, हे आपण सांगायचे.

अप्लाय आणि ए-एम यांतला हा भेद आमच्या भागातल्या शेतकऱ्याला एका वाक्यात सांगता येईल : पहिलीत ताबा मिळतो, दुसरीत फेरफार होतो. मुंबई राज्याच्या काळातले मराठी फेरफार-उतारे आमच्याकडे अनेक घरांत पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेले आहेत. १९५६ साली राज्य बदलले, पण पेट्या तशाच राहिल्या. फेरफाराच्या नोंदीत काय असते? जमीन कोणती, पूर्वी नाव कोणाचे, आता कोणाचे, कारण काय, तारीख कोणती आणि मंजूर करणाऱ्याची सही. सातबाऱ्यावर जुने नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात. नव्या नावाखाली जुने नाव वाचता येते. गिटमध्ये नेमके हेच आहे. इतकेच नव्हे, तर दुरुस्ती लिहिणारा आणि ती लावणारा ही दोन नावे वेगवेगळी नोंदवली जातात. मोठ्या पदावरच्या माणसाने दुरुस्ती लावली म्हणून ती त्याची होत नाही. तळच्या माणसाचे नाव तसेच राहते.

*

'कोणी' या चौथ्या गोष्टीला एवढे महत्त्व का आले? मार्च २००३ मध्ये एका कंपनीने आयबीएमवर दावा लावला की, आपल्या मालकीचा मजकूर लिनक्समध्ये घुसवला आहे. कोणती ओळ कोणाकडून आली, हे छातीठोकपणे सांगता येईना. मे २००४ मध्ये टोरवाल्ड्सने नियम सुचवला : प्रत्येक दुरुस्तीखाली पाठवणाऱ्याने आपल्या नावाची सही-ओळ घालावी, की हा मजकूर देण्याचा मला अधिकार आहे. ती दुरुस्ती ज्यांच्या हातांतून वर गेली, त्यांनीही खाली आपापली ओळ घालावी. एका लहानशा दुरुस्तीखाली अशा तीन-चार सह्या दिसतात. आमच्या कचेऱ्यांत सह्यांची अशी उतरंड जबाबदारी झटकण्यासाठी असते. तिथे ती घेण्यासाठी आहे.

तरीही एक गोष्ट कोणतीच कमांड करू शकत नाही. दुरुस्ती जागेवर बसते की नाही, एवढे ती सांगते. दुरुस्ती खरी आहे की नाही, हे ती सांगत नाही. २०२१ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांचे प्रकरण गाजले. वरवर उपयुक्त दिसणाऱ्या पण आत दोष दडवलेल्या दुरुस्त्या लिनक्सकडे पाठवून त्या पकडल्या जातात का, हे त्यांनी पाहिले होते. ज्यांच्यावर प्रयोग झाला त्यांची संमती घेतलेली नव्हती. एप्रिलमध्ये लिनक्सचे एक प्रमुख सांभाळकर्ते ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून दुरुस्त्या घेणे बंद केले, आधी आलेल्या दुरुस्त्या पुन्हा तपासायला काढल्या आणि संशोधकांना आपला निबंध मागे घ्यावा लागला. आधीच्या दुरुस्त्या शोधून काढता आल्या, कारण त्यांवर नावे होती. पण निर्णय केला तो वाचणाऱ्या माणसांनीच.

माझ्या मूळ चुकीचेही तसेच आहे. 'इ. स. १८१७ मध्ये पेशवाईचा शेवट' हे वाक्य व्याकरणाने निर्दोष होते, जागेवर होते, माझ्या सहीचे होते. ते चुकीचे आहे हे कळायला इतिहास माहीत असणारे कोणीतरी लागत होते.

असे कोणीतरी त्या परीक्षेत होते, हे मला नंतर कळले. उत्तरपत्रिका तपासताना एका मुलीच्या उत्तरात खडकीच्या लढाईचे साल प्रथम १८१७ लिहिलेले दिसले. ते खोडून वर १८१८ केले होते. निकालानंतर तिच्या शाळेत गेलो तेव्हा तिने विचारले, "सर, पुस्तकात १८१७ आहे. मग तुम्ही शुद्धिपत्र का पाठवलंत?" तिला खरे साल ठाऊक होते. पुस्तकापेक्षा शिक्षकाचे शुद्धिपत्र मोठे, असे समजून तिने ते खोडले होते. मी तिचे गुण भरून दिले, पण काय उत्तर द्यावे ते सुचले नाही.

आज आमच्या शाळेत प्रश्नपत्रिकेचे शुद्धिपत्र निघाले तर त्यात जुने वाक्य पूर्ण असते, नवे वाक्य पूर्ण असते, त्याच्या वरचे आणि खालचे वाक्य असते आणि शेवटी शिक्षकाचे नाव, सही व तारीख असते. खाली एक ओळ मी हट्टाने घालायला लावतो : 'आपल्या प्रतीत हा मजकूर असा नसेल, तर काहीही न बदलता कार्यालयाशी संपर्क साधावा.' नवे शिक्षक विचारतात, एका आकड्यासाठी एवढे कशाला? मग मी त्यांना बसवून घेतो आणि पेशवाईपासून सुरुवात करतो.